फाटकाची कडी

कोहळा एका घावात कापायचा असतो.

आमच्या घरातली ही रीत माझ्या आज्याच्याही आधीची. दसऱ्याला सकाळी तलवार, पट्टा, भाल्याचं पातं आणि माझ्या वडलांची एक गंजकी संगीन असं सगळं पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं. मग अंगणात कोहळा ठेवायचा आणि घरातला जो फौजेत आहे त्यानं तो कापायचा. घाव एक, भाग दोन. दुसरा घाव लागला की संपलं, वर्षभर घरातले चिडवणार. माझ्या थोरल्या भावाला एकदा दोन लागले होते, तर मरेपर्यंत आम्ही त्याला दुघाव्या म्हणायचो.

यंदाच्या दसऱ्याला त्याच्या पोरानं, हेमेंद्रनं, एकतीस घातले.

मी नाही मोजले. माझ्या पोरानं मोजले, उत्कर्षनं. तो बँकेत आहे, सिटी सेंटरला. पहिल्याच घावात कोहळा सरळ चिरला गेला. सगळ्यांनी वा म्हटलं. हेमेंद्रची आई, आमच्या उषावहिनी, ताट घेऊन ओवाळायला पुढं झाल्या. आणि यानं परत तलवार उचलली. मग परत. मग परत. ओल्या पोत्यावर दांडकं मारावं तसा आवाज. फोडी उडल्या, बिया उडल्या, कुंकवाचं लाल पाणी भिंतीवर गेलं, वहिनींच्या पातळावर गेलं. खाली फरशी लागायला लागली, ठिणग्या निघाल्या, तरी हा थांबेना. तोंडावर राग म्हणाल तर नाही. लाकडं फोडणाऱ्या माणसाचं तोंड असतं ना, तसं. थांबला तेव्हा ओठाला एक बी चिकटली होती, ती थुंकली आणि तलवार पाटावर नीट ठेवली.

मग मीच हसलो, मोठ्यानं. म्हटलं, जोर आहे पोरात, भाजी चिरायचं काम वाचलं.

माझं चुकलं, पण ते तिथं नाही. ते पंधरा दिवस आधीच चुकून बसलं होतं.

तर ऐका. मी तुकोजी जगदाळे, आठवी नापास, फौजेत ड्रायव्हर होतो. आता इथं हिंदी मुलखात, दाना ओली नावाच्या गल्लीत, घराखालीच गाड्यांच्या बॅटऱ्या चार्ज करून देतो. भाऊ गेला तेव्हा हेमेंद्र नऊ वर्षांचा होता, त्याला मीच वाढवला. धावायला मीच न्यायचो, भरतीच्या वेळेला छाती फुगवून कशी धरायची तेही मीच शिकवलं. पलटणीत गेला, नाईक झाला, आणि दोन वर्षांपूर्वी शांतिसेनेत आफ्रिकेला गेला. देशाचं नाव माझ्या जिभेला जमत नाही, आपण आफ्रिका म्हणू. निळी टोपी घातलेला त्याचा फोटो वहिनींनी देवघराशेजारी लावला होता.

फाल्गुनात परत आला. अंगानं चांगला होता. पण आल्या आठवड्यात त्यानं स्क्रू काढायचा पेचकस घेतला आणि घरातल्या सगळ्या दारांच्या कड्या काढल्या. खोल्यांच्या काढल्या, संडासाची काढली, न्हाणीची सुद्धा काढली. विचारलं तर म्हणाला, गंजल्यात, नव्या लावतो. नव्या काही लागल्या नाहीत. त्याची बायको गरिमा, बिचारी, न्हाणीत बसली की मोठमोठ्यानं गाणी म्हणायची, म्हणजे कोणी आत यायला नको. तिचा आवाज म्हणजे फुटका भोंगा. आम्ही हसायचो. उत्कर्ष म्हणायचा, भाभी, आज कौन सी फरमाइश सुनाओगी? सहा महिने आमच्या घरात हा विनोद चालला. बाहेरचं लोखंडी फाटक तेवढं राहिलं, कारण त्याची कडी वेल्डिंग केलेली.

त्याची पलटण तेव्हा इथंच, मुरारच्या छावणीत होती. भादव्यात दुसऱ्या एका पलटणीबरोबर पुन्हा आफ्रिकेला जायला नावं मागवली, आणि यानं आपणहून नाव दिलं. पण जायच्या आधी आता डोक्याची तपासणी असते. अंगाची तर असतेच, ती वेगळी. डॉक्टर समोर बसवून विचारतात, झोप येते का, राग येतो का, काही दिसतं का. फिट लिहिलं तर जायचं, नाहीतर पलटणीत राहून कागद इकडचे तिकडे करायचे. आमच्या घरात चार पिढ्यांत कोणाच्या कागदावर अनफिट आलेलं नाही. आज्याचा एक डोळा गेला होता तरी नाही.

हेमेंद्र मला म्हणाला, काका, तयारी करून घ्या.

आणि मी करून घेतली. दुकानात बॅटऱ्यांच्या मधे स्टूल टाकून त्याला बसवायचो, मी डॉक्टर व्हायचो. झोप किती? सहा तास, साहेब. सात म्हणालास तर आळशी, पाच म्हणालास तर वेडा. स्वप्नं? येतात साहेब, आईचं येतं, घरचं येतं. मुळीच येत नाहीत म्हणू नको, त्यांना कळतं. राग? येतो साहेब, मग पाणी पितो, उतरतो. बोलताना साहेबाच्या डोळ्यात बघायचं नाही आणि खालीही बघायचं नाही, भुवईच्या मधे बघायचं. पोरगं हुशार, चार दिवसांत घडाघडा. मला काय आनंद. भरतीच्या वेळेला झाला होता तसाच.

हे सगळं मला कुठून माहीत? तर मी स्वतः असंच सांगून सुटलेलो.

सत्त्याऐंशीला मी श्रीलंकेत होतो. ती सुद्धा शांतिसेनाच. जाफन्याच्या बाजूला आमच्या गाड्यांवर दोन्हीकडून फायर आलं. पुढची गाडी उडाली. त्यातली माणसं रस्त्यावर पडली, काही जळत होती, काही हलत होती. मागून साहेब ओरडला, थांबू नको, निकालो. माझ्या मागं बावीस जवान बसलेले. मी तीनटनी गाडी तशीच दामटली. चाकाखाली काय काय आलं ते मी उतरून बघितलं नाही. संध्याकाळी पाइप घेऊन चाकं धुतली. खाचांमधून सळईनं काढावं लागलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं विचारलं, ठीक हो? पहारेकरी देतो तसा मी रिपोर्ट दिला, सब ठीक है श्रीमान. त्यानं लिहिलं, फिट.

घरी आल्यावर तिसऱ्या महिन्यात विजयानं, माझ्या बायकोनं, दुपारी झोपेतून उठवायला माझ्या खांद्याला हात लावला. मी डोळे उघडायच्या आधी तिचं मनगट धरलं आणि पिळलं. सुकी काटकी मोडते तसा आवाज आला. तो ऐकू आल्यावर सुद्धा मी सोडलं नाही, अजून पिळलं. अस्पतालमध्ये तिनंच सांगितलं, मोरीत घसरले. पुढची दहा वर्षं ती आमच्या घरात फार घसरायची. आता मी तसा नाही राहिलो, म्हातारा झालो. पण ते मनगट वाकडंच बसलं. पोळी लाटताना लाटणं डावीकडं जातं, आमच्या पोळ्या एका बाजूनं जाड असतात.

तर ही विजया, मी दुकानात हेमेंद्रला पढवत होतो तेव्हा जिन्यात उभी राहून ऐकायची. एक दिवस तो गेल्यावर खाली आली. वाकडा हात माझ्या पुढं, बॅटरीवर ठेवला.

"त्याला जाऊ देऊ नका," म्हणाली. "डॉक्टरला खरं सांगा."

मी म्हटलं, खरं काय सांगू, कड्या काढल्या म्हणून सांगू? हसतील.

"तुमच्या वेळेला कोणी सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर मी इतकी वर्षं खोटं बोलले नसते."

मी ॲसिडची बाटली उचलून आत गेलो. काही कामासाठी नाही, उगीच.

आता दसऱ्याची संध्याकाळ. सकाळचा तो कोहळा झाल्यावर मी हेमेंद्रला म्हटलं, तू आराम कर, सीमोल्लंघनाला येऊ नको. आणि उत्कर्षला हळूच सांगितलं, तू घरीच थांब, भावावर लक्ष ठेव. मी शेजारच्या दोघांना घेऊन गेलो, शमीची पूजा केली, आपट्याची पानं घेऊन उजेड असतानाच परत आलो.

परत आलेल्यांसाठी आमच्या घरची अजून एक रीत आहे. आतल्यांनी फाटक लावून घ्यायचं, कडी धरून उभं राहायचं. बाहेरच्यांनी फाटक बडवायचं, उघडा, उघडा, सोनं आणलंय. आतल्यांनी म्हणायचं, खोटं बोलता, दाखवा आधी. अशी थोडी ओढाताण झाली की उघडायचं आणि ओवाळायचं. लहानपणापासून कडी धरायचा मान उत्कर्षचा. आता तेहतीस वर्षांचा झाला, ढेरी आली, तरी मान त्याचाच.

शेजारचे दोघं आपापल्या घरी वळले, मी फाटक बडवलं. जरा जास्तच जोरात. सकाळचं ते सगळं घालवायचं होतं ना. दोन्ही मुठींनी बडवलं, उघडा म्हणून ओरडलो.

आमच्या फाटकाला खाली पत्रा आहे, वर गज. गजांतून मला उत्कर्ष दिसत होता, उजव्या हातानं कडी धरून हसत होता. पहिले सोना दिखाओ बाबा, म्हणाला. आणि त्याच्या मागं, देवघराकडून, हेमेंद्र येताना दिसला. हातात तलवार. पाटावरून उचललेली, पात्यावर अजून झेंडूचं फूल चिकटलेलं. तोंड सकाळचंच.

मी ओरडलो. उत्कर्ष, सोड, कडी सोड, मागं बघ. पण तो खेळच होता ना, आम्ही ओरडतोच. त्यानं कडी आणखी घट्ट धरली आणि आणखी हसला.

हेमेंद्र हळू आवाजात म्हणाला, "छोड़. खोल दे. वो बाहर खड़ा है."

उत्कर्षनं वळून बघितलं तेवढ्यात घाव बसला. कडीवर बसला, लोखंड वाजलं, आणि उत्कर्षच्या हाताची दोन बोटं माझ्या डोळ्यासमोर कमी झाली. त्याला पहिल्यांदा कळलंच नाही. हाताकडं बघत राहिला. दुसरा घाव खांद्यावर आला, तो चुकवायला गेला म्हणून तिथून घसरून दंडात गेला, आतलं पांढरं दिसलं. मग तो ओरडला. मी बाहेर. गजांतून हात घालून मला फक्त हवा धरता येत होती. हेमेंद्रनं तिसऱ्यांदा तलवार वर नेली. उत्कर्ष फाटकाला टेकून खाली बसत होता, पण तीन बोटं राहिलेला तो हात अजून कडीवरच. भीतीनं माणूस जे हातात असेल ते धरून ठेवतो.

कडी विजयानं काढली. तलवारीच्या खालून गेली, उत्कर्षचा हात बाजूला केला आणि त्या वाकड्या मनगटानं रक्तानं निसरडी झालेली कडी ओढली.

फाटक उघडलं तशी हेमेंद्रनं तलवार टाकली. माझ्या सदऱ्याला धरून मला आत ओढलं, खाली पाडलं आणि माझ्यावर पालथा पडला. माझं डोकं छातीशी दाबून धरलं, मला श्वास घेता येईना. "आत आलास," म्हणत होता, "बस, आत आलास, बस." माझ्या पिशवीतली आपट्याची पानं सगळीकडं झाली होती. एक बोट लगेच सापडलं. दुसरं पानांमधे होतं, वहिनींना फार उशिरा सापडलं. डॉक्टरला दोन्हींतलं एकही जोडता आलं नाही.

अस्पतालमध्ये विचारलं, कसं झालं. मी तोंड उघडायच्या आत उत्कर्षच बोलला, पट्टी बांधून घेता घेता, दात खात. कोहळा कापताना माझ्याच हातातून सटकली, सर. वहिनी म्हणाल्या, हो. गरिमा म्हणाली, हो. मी म्हणालो, हो. विजया भिंतीकडं बघत होती. मला ते हो ऐकून मोरी आठवली. एका घरात चाळीस वर्षांत कोणी नवीन खोटं सुद्धा शिकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमेंद्र अंगणात बसून फाटक घासत होता. ब्रश, सोडा, पाणी. मी शेजारी बसलो. घासता घासता तो आपणच सांगायला लागला.

तिथं छावणीच्या फाटकावर एक माणूस उकडलेली अंडी विकायला यायचा, बोनिफास नावाचा. मीठ-मिरची पुडीत बांधून द्यायचा. आपल्या जवानांनी त्याला राम राम शिकवलं होतं, तो हेमेंद्रला हिमेंदा म्हणायचा. एक दिवस गावात मारामारी पेटली. दुसऱ्या टोळीची माणसं कोयते घेऊन आली. लोक छावणीकडं पळाले. वरून हुकूम आला की फाटक बंद, आपल्यावर गोळी आली तरच गोळी. हेमेंद्र फाटकावर होता, कडी त्याच्या हातात. बोनिफास सगळ्यात आधी पोचला. बडवत होता. हिमेंदा, राम राम, म्हणत होता, कारण आपल्या भाषेतलं त्याला तेवढंच येत होतं. मग कोयतेवाले चौघं आले. आधी पायांवर मारलं. तो खाली पडला तरी गज धरून. मग हातांवर. मग जिथं सापडेल तिथं. हेमेंद्रच्या बुटांवर रक्त येत होतं, मधे एक वीत अंतर. त्याच्या खांद्याला भरलेली रायफल.

"मी मोजले, काका," तो म्हणाला. "एकतीस."

ब्रश घासत राहिला.

"मला परत जायचंय. ह्या वेळी मी उघडणार. कोणी धरली असेल कडी तरी."

तेव्हा मला कळलं मी चार दिवस दुकानात बसून कोणाला काय शिकवत होतो. हा तिथं जाईल, कडीवर दुसरा कोणी पोरगा असेल, कोणाचा तरी उत्कर्ष, हुकमाला बांधलेला. आणि ह्याच्या हातात तलवार नसेल, रायफल असेल.

तरी मी त्याला काही बोललो नाही. खोटं कशाला सांगू, हिंमत झाली नाही. वाटलं, डॉक्टर शिकलेला असतो, त्याला कळेल.

सोमवारी माझ्या स्कूटरवर त्याला मुरारच्या फौजी अस्पतालला नेलं. डॉक्टर एक मॅडम होत्या, मेजर, माझ्या पोराच्या वयाच्या. मी बाहेर बाकावर. दार अर्धं उघडं होतं, हेमेंद्रनंच तसं ठेवलेलं. आत मॅडम शांतपणे विचारत होत्या, घाई नाही, दरडावणी नाही. झोप किती?

सहा तास, साहेब.

स्वप्नं? आईचं येतं, घरचं येतं. राग? येतो साहेब, मग पाणी पितो.

माझा आवाज होता तो. शब्द माझे, थांबायची जागा सुद्धा माझी. मॅडम लिहीत होत्या. त्यांचं काय चुकलं? समोरचा माणूस मी घडवून पाठवलेला. बाकावर बसल्या बसल्या मला विजयाच्या मनगटाचा आवाज आला, खरंच आला, कानात.

मी उठलो, आत गेलो, सावधान उभा राहिलो.

"ड्रायव्हर तुकोजी जगदाळे, रिटायर," म्हटलं. "मॅडम, ही उत्तरं माझी आहेत. मी पाठ करून घेतली. हा पोरगा ठीक नाही. मी पण नव्हतो."

मग थांबलो नाही. कड्या सांगितल्या, कोहळा सांगितला, उत्कर्षची बोटं सांगितली, परत जाऊन काय करायचंय तेही सांगितलं. हेमेंद्र माझ्याकडं बघत होता. सांगून झालं तसा उठला आणि बसलेलं लोखंडी स्टूल उचलून त्यानं माझ्या तोंडावर मारलं. दात तुटून जिभेवर आलेला कळला. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा जबडा गेला. मी पडलो, त्यानं लाथ घातली, बरगडी बोलली. दोन अर्दली धावत आले, त्यांना त्यानं भिंतीवर फेकलं. मॅडम ओरडल्या नाहीत. टेबलाच्या बाजूनं आल्या आणि त्याच्या दंडाला धरून त्याचं नाव घेत राहिल्या.

"तुम्ही बंद केलंत," तो मला म्हणाला. रडत होता. "फाटक तुम्ही बंद केलंत, काका."

मी मान हलवली. हो म्हणायला जबडा नव्हता.

अनफिट लिहिलं गेलं. चार पिढ्यांत पहिलं. मॅडम म्हणाल्या, हा शिक्का नाही, इलाज होतो, वेळ लागेल. वहिनी माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. उत्कर्ष बोलला, तीन बोटांनी टाइप करून मोबाइलवर दाखवलं, बाबा, अब तो तुम भी फोटो में अच्छे नहीं आओगे.

हेमेंद्रला तिथंच वॉर्डात ठेवलं. पण वॉर्डाचं दार बंद ठेवायचा नियम, आणि दार लागलं की तो भिंतीवर डोकं आपटायचा. पट्ट्यांनी बांधावं लागायचं. मी तारा बांधलेल्या जबड्यानं मॅडमसमोर गेलो, पाटीवर लिहून दिलं. शुद्धलेखन काय असेल देव जाणे. त्यांनी वाचलं, विचार केला, हो म्हणाल्या.

तेव्हापासून रोज दुपारी मी जातो. दाराच्या चौकटीत खुर्ची टाकतो आणि दाराला पाय लावून बसतो, म्हणजे ते लागत नाही. विजया डब्यात पातळ खीर देते, ती नळीनं ओढतो. हेमेंद्र पहिले तीन आठवडे माझ्याकडं पाठ करून पडायचा. परवा त्यानं कूस बदलली. माझ्या पायाकडं बघितलं, दाराच्या फटीकडं बघितलं.

मग झोपला. मी घड्याळ बघितलं नाही. सहा तास तर नक्कीच नव्हते. पण पाय काही काढला नाही.